‘त्याचप्रमाणे’ घेऊन नांदेडला

लातूरहून सकाळच्या एसटीनं निघालो तेव्हा मी जवळजवळ डॉक्टर होतो. दुपारी नांदेडला गणितातल्या पीएचडीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. सोबत देवणीचे मामा, आणि त्यांच्या पिशवीत हार, फेटा, पेढे. आमच्याकडे सत्काराचं सामान निकालाची वाट बघत नाही.

अहमदपूरला गाडी थांबली. स्टँडबाहेर सुशीला (पोह्यांसारखे परतलेले भिजवलेले चुरमुरे) खाताना मामांनी विचारलं, “इतकी वर्षं काय करत हुतास रं?”

“मामा, समजा दोन क्रिया आहेत. आधी ही मग ती करा, नाहीतर उलट. उत्तर जवळजवळ सारखंच. मग दोघींना जरासं हलवून उत्तर अगदी सारखं करता येईल का? आलं, तर तिथलं गणित स्थिर.”

“येतंय का?”

“सरळ रेषेवर येतं. ते थोरामोठ्यांनी केलंय, मी वर एक मजला चढवला. आणि वर्तुळावरही त्याचप्रमाणे!” ऐटीत मी ताटलीच्या काठावरून चमचा फिरवला. चमचा फिरून निघाला तिथंच आला. मी पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच.

रेषेला टोकं असतात. उरलीसुरली चूक तिकडं ढकलून देता येते. वर्तुळाला टोकच नाही. ढकललेली चूक फेरा मारून पुन्हा दारात! आणि मी प्रबंधात छापलं होतं, ‘त्याचप्रमाणे’. गणितवाल्यांचा हा खानदानी आजार: सिद्धतेचा कंटाळा आला की हा शब्द लिहायचा.

त्या घबराटीत मी चुकून उदगीरच्या गाडीत चढलो.

“तिकडं कुठं? नांदेड इकडं हाय!” मामांनी दंड धरून उतरवलं.

लोहा आलं, गेलं. खिडकीबाहेरचं सोयाबीन मला दिसलंच नाही. ती ओळ पुढं कुठं वापरली, तेच आठवत होतो. मुख्य प्रमेयाखाली असेल, तर सगळी इमारत खाली.

नांदेडला विद्यापीठाच्या सभागृहात फळ्याजवळ उभा राहिलो आणि आधीच सांगून टाकलं, “सर, शेवटच्या प्रकरणात एक निष्कर्ष चुकीचा आहे.” पहिल्या रांगेत मामांनी बाहेर काढलेला हार हळूच पिशवीत सारला.

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, “माझा पहिला प्रश्न तोच होता. मुख्य प्रमेय टिकतं?”

“टिकतं. तिथं सगळं रेषेवरच आहे.”

“आणि वर्तुळावर काही वाचवता येईल?”

मी खडू घेतला. “चूक फेरा मारून येताना जी गाठ पडते ती मोजता येते, सर. ती शून्य असेल तर जमतं. नसेल तर कितीही हलवा, जमत नाही.”

ते हसले. “ती ओळ खोडा. हे लिहा.”

सुटलो! खडू ठेवून मी खुर्चीवर बसलो. निकाल जाहीर होताच मामांनी फेटा इतका करकचून बांधला की अभिनंदनं अर्धवटच ऐकू आली.

परतीच्या गाडीत मामांनी पेढ्यांचा पुडा उघडला. मग म्हणाले, “खरं सांग. वर्तुळावर ते जमतंय का न्हाई?”

“दर वेळी नाही जमत.”

“मग तुला डॉक्टर कशापायी केलं?”

“न्हाई जमत, हे सांगता आलं म्हणून.”

मामांनी पेढा तोंडात टाकला. “लई सोपं हाय की मग,” म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले. मीही झोपलो, कितीतरी महिन्यांनी इतका गाढ.