गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाईना

लहानपणच्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायात जोर नाही. क्लच दाबणं या जन्मात जमणार नव्हतं, म्हणून बाबांनी नागपूरहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून आणली. यवतमाळात तेव्हा अशी गाडी म्हणजे नवलच. पेट्रोल पंपावर लोक वाकून आत बघायचे आणि विचारायचे, "मॅडम, हिचा क्लच चोरीले गेला काय?" त्या गाडीनं मी रोज घाटंजीला कॉलेजात शिकवायला जायची. त्याआधी मला कुणीतरी सोडायचं, कुणीतरी आणायचं, आणि मी सगळ्यांची मर्जी सांभाळत बसायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. वेचाईचा खर्चही निघेना. आज ना उद्या भाव चढेल म्हणून बाबांनी कापूस विकला नव्हता. समोरच्या खोलीत तो छतापर्यंत भरलेला, आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना स्वयंपाकघरात बसवायचो. शेतात मन लागेना, तसा बाबांनी सगळा जीव गाडीला लावला. दर रविवारी बॉनेट उघडायचं, गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. इतकी काळजी मीसुद्धा घेत नव्हते.

तरी गाडी अडखळायला लागली. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी विचारात पडायची, आणि मग मागून लाथ बसल्यासारखा धक्का. मिस्त्रीनं एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला." बाबांनी लगेच एक गिऱ्हाईकही बघितलं.

"इकून टाकू," ते म्हणाले. "मी सोडत जाईन ना तुले. मले तरी काय काम हाय?"

मला विचारलंसुद्धा नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

मग मी हट्टानं लक्ष ठेवलं. रस्त्यात गाडी बंद करून थोडा वेळ उभी केली, की पुढे काही अंतर ती शहाण्यासारखी चालायची, मग पुन्हा तेच. झिजलेली वस्तू विश्रांतीनं बरी होत नाही. आत काहीतरी अडकत असणार आणि गाडी थांबली की ते खाली बसत असणार, असं माझं मत झालं. मिस्त्रीला म्हटलं, आधी गिअरबॉक्सचं खालचं झाकण उघडा, मग तो गेला का ते बघू. तो कुरकुरत गाडीखाली शिरला.

तेल गाळायच्या जाळीवर काळ्या लगद्याचा थर बसला होता. "हे पाहा, भुगा. पायातला क्लच नसला तरी गिअरबॉक्सच्या आत क्लच असतेच, ते झिजले," तो विजयी सुरात म्हणाला. मी त्यातली चिमूट घेतली, पेट्रोलमध्ये धुतली आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढली. बाजारात व्यापारी कापसाचा धागा असाच ओढून बघतात, आणि मला ते बाबांनी शिकवलं होतं. भुगा असता तर सुटून पडला असता. हा लांबला, केसासारखा बारीक झाला आणि मग तुटला.

"कापूस आहे हा," मी म्हटलं.

मिस्त्री हसायला लागला. मीही हसले असते, पण तेवढ्यात मला रविवार आठवला. पट्टी पुसायला फडकं कोण शोधतं आमच्याकडे? समोरच्या खोलीत हात घालायचा आणि मूठभर कापूस घ्यायचा. ट्रॅक्टरची पट्टीही बाबा तशीच पुसत आले होते. पुसताना चिकटलेले तंतू दर खेपेला आत जात राहिले आणि जाळीवर साचले.

जाळी बदलली, तेल बदललं. परतताना गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. मला फार आनंद झाला होता, पण घर जवळ यायला लागलं तसा तो आटत गेला.

बाबा फाटकातच उभे होते. "काय निघालं?"

कचरा निघाला, असं सांगता आलं असतं. पण पुढचा रविवार येणारच होता.

"कापूस निघाला, बाबा. पट्टी पुसायचा."

त्यांनी आधी समोरच्या खोलीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. आणि ते आत गेले. मी गाडीतच बसून राहिले. वाटलं, ज्या माणसाला एवढ्यात कुठलीच गोष्ट धड साधली नाही, त्याची ही एक गोष्टही आपण काढून घेतली. फार वाईट वाटलं.

आतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. पलीकडे ते गिऱ्हाईक होतं.

"नाही, गाडी नाही द्याची आता. खराब नव्हती ते, मीच तिच्यात कापूस घालून राह्यलो होतो." मग ते जरा जोरातच म्हणाले, "मिस्त्रीले कायचं समजते! माह्या पोरीनं पकडलं. आन् पुढं कधी घ्याची असली त मले नका इचारू. तिले इचारजा. गाडी तिची हाय."