कागदावर तोडलेली बाग

द्राक्षं परदेशी पाठवायची तर आधी कागद पिकवावे लागतात. बागेची नोंदणी, सातबारा, फवारणीची वही, फळात औषधाचा अंश किती उरलाय याचा प्रयोगशाळेचा अहवाल, माल पेट्यांत भरून पाठवणाऱ्या पॅकहाउसला द्यायचं संमतीपत्र, आणि सगळ्यात शेवटी माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला. यातला एक जरी कागद अडला, तर घड कितीही गोड असो, तो बोटीत चढत नाही. गावात या कागदांना सगळे वैतागतात. मला मात्र त्यांची गोडी लागली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रकाना रिकामा दिसला की माझा हात शिवशिवतो. घरात कुणाचाही कसलाही फॉर्म आला, की तो माझ्याच पुढ्यात येऊन पडतो.

माझं माहेर आणि सासर यांच्यात जेमतेम दोन कोस. माकणीच्या धरणाचं पाणी आलं तशी आमच्याकडं द्राक्षं आली. वडिलांनी हयातीतच दीड एकर बाग माझ्या नावावर करून दिली आणि बाकीचं रान थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या. लेकीला जमीन दिली म्हणून भावकीत बरंच कुजबुजलं गेलं. दादा तेव्हा एक शब्द बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मी मोठेपणा समजत आले, अकरा वर्षं.

माझी दीड एकर उताराच्या खाली आहे. घरात तिला सगळे 'खालचं रान' म्हणतात. वडील एकटे 'पोरीची बाग' म्हणायचे, ते गेल्यावर तेही थांबलं. मशागत दादानं बघायची आणि दोन्ही बागांचे कागद मी करायचे, असं आमचं तोंडी ठरलेलं. दर रविवारी मी माहेरी जायची. मोटारीच्या खोलीपुढं बाजेवर बसून दोन वह्या उघडायच्या, दादा सांगेल तशी कुठल्या तारखेला कुठलं औषध मारलं ते लिहायचं. आतापर्यंत माझा माल दादाच्या मालाबरोबर व्यापाऱ्याला जायचा. यंदा मी हट्टानं माझ्या बागेची वेगळी नोंदणी केली. दाखल्यावर परदेशातल्या बंदराचं नाव असतं, बोटीचं असतं, आणि शेतकरी कोण तेही असतं. तिथं माझं नाव असलेला तो कागद मला हवा होता. पुढच्या वर्षी पोरांना निर्यात शिकवताना दाखवीन, असं मी शाळेत सांगूनही बसले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी चेष्टा व्हायची. एक सहकारी तर मला 'आल्या परदेशी बाई' म्हणायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी वरच्या बागेतून, दादाच्या, औषधाचा वास आला. मी विचारलं, "काय मारलंस?"

"पाणीच मारलंय. धूळ बसली व्हती लई," दादा म्हणाला.

त्याच्या वहीत मी 'फवारणी नाही' असं लिहिलं. नाक सांगत होतं एक आणि भाऊ सांगत होता दुसरं. मी भावाचं ऐकलं.

फेब्रुवारीत दोन्ही बागांतून तपासणीसाठी माल नेला. माझा अहवाल आठवड्यात आला. पास. दादाचा 'अजून यायचाय' असं तो म्हणत राहिला. त्याच्या नोंदणीला त्याचाच फोन जोडलेला, त्यामुळं निरोप त्यालाच जाणार. मीही खोदून विचारलं नाही. त्यातच मला पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं, धाराशिवला. पॅकहाउसची गाडी कधी येईल याचा नेम नसतो. आपण नसताना अडायला नको, म्हणून मी तीन संमतीपत्रांवर सह्या करून अख्खी फाईल दादाकडं ठेवली. तारीख आणि वजन तेवढं कोरं होतं. चौथीच्या पोरांना मी सांगते, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. स्वतःला सांगायचं राहिलं.

प्रशिक्षणावरून परतल्यावर सोमवारी मधल्या सुट्टीत मी पॅकहाउसला फोन केला, माझी तोडणी कधी धरलीय ते विचारायला. तिथल्या मुलीनं नोंदणी क्रमांक विचारला, थोडा वेळ गेला, मग ती म्हणाली, "मॅडम, तुमचा माल तर गेला की. शनिवारीच कंटेनर भरला."

"अहो, माझी द्राक्षं वेलीवर आहेत."

"इथं तर शिल्लक शून्य दाखवतंय, मॅडम. संमतीपत्र पण आहे तुमच्या सहीचं."

एका नोंदणीवर एकरी ठरावीकच माल जाऊ शकतो. तेवढा गेला की तो क्रमांक बंद. म्हणजे कागदोपत्री माझी बाग तोडून झाली होती. शाळा सुटल्यावर मी थेट खालच्या रानात गेले. घड जागच्या जागी होते. उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आम्ही घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. तो कागद सोडून सोडून मी पाचपन्नास घड बघितले असतील. एकही हललेला नव्हता. मग चढ चढून वर गेले. दादाच्या चार ओळी राहिल्या होत्या, बाकीची बाग मोकळी.

दादा पायरीवर बसून पाय धुवत होता. मी विचारायच्या आधीच त्याला कळलं असावं, कारण त्यानं वर बघितलं नाही.

"माझा फेल आला," तो म्हणाला. "तुझा पास व्हता. माझा माल तयार व्हता, तुझा आठ दिस मागं. म्हनलं, घालावा त्येच्यावर."

"आणि माझ्या मालाचं काय?"

"येपाऱ्याला देऊ की. आजवर देतच व्हतो न्हवं?"

"म्हणजे तू औषध मारलं होतंस. माझ्या हातून खोटं लिहून घेतलंस. आणि आता तोच माल माझ्या नावानं तिकडं कुणाचं तरी लेकरू खाणार."

"त्येंच्या लेकराची काळजी हाय तुला. माझ्या लेकराची न्हाय."

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "वन्सं, तुमास्नी नोकरी हाय. आमास्नी हेच हाय." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि त्यामुळंच मला जास्त लागलं. हे सगळं घरात आधी बोलून झालं होतं, माझ्या मागं, आणि सगळ्यांना ते पटलेलंही होतं.

मी म्हटलं, "दादा, विचारायचं तरी होतंस. बाग माझी आहे."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. चिडला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुझी कुठली? बापाची हाय."

चहा मी तसाच ठेवून निघाले. वाटेत गाडी बाजूला घेऊन रडले, आणि रडताना स्वतःचाच राग येत राहिला. संमतीपत्रांचं मला एवढं काही वाटलं नसतं. माणूस अडचणीत चुकतो, मीही चुकते. पण दर रविवारी माझ्यासमोर बसून तो बागेचा हिशोब सांगत होता तो मालकाला नव्हे, फुकटच्या कारकुनाला. अकरा वर्षं मी भावाच्या शेजारी बसून मालकीणपणाचा खेळ खेळत होते आणि त्यानं मला खेळू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कंटेनर अजून बोटीवर चढलेला नाही. मी येऊन पाहणी करतो. माल वेलीवर दिसला तर पंचनामा होईल, मग तुमच्या क्रमांकावर दुसऱ्याचा माल गेला हे सिद्ध होतं. दाखला थांबवता येईल आणि तुमचा क्रमांकही मोकळा होईल. शुक्रवारी दुपारी येऊ?"

या म्हटलं. आणि संध्याकाळी दादाला फोन करून सगळं सांगितलं. ही माझी दुसरी मूर्खपणाची गोष्ट, पहिलीपेक्षा मोठी. नवऱ्यानं बजावलं होतं, बोलू नकोस म्हणून. पण सख्ख्या भावाच्या मागं सरकारी माणूस घेऊन रानात शिरणं माझ्याच्यानं होईना. कदाचित तो स्वतःच साहेबांना सांगेल, असंही मनात होतं. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "बरं. ये."

शुक्रवारी दोनपर्यंत शाळा केली. साहेब आणि त्यांच्याबरोबरचे कृषी सहायक मला शाळेच्या फाटकापाशीच भेटले. त्यांच्या गाडीपुढं माझी गाडी. बांधावर उतरले आणि माझ्याच्यानं पुढं जाववेना.

बाग मोकळी होती. ओळीच्या ओळी नुसता पाला. घडांना गुंडाळलेले वर्तमानपत्राचे कागद खाली पसरलेले, त्यावर चिरडलेले मणी आणि क्रेट ओढल्याच्या खुणा. मी सकाळी पोरांना भागाकार शिकवत होते, तेव्हा इथं माणसं लावून तोडणी चालली होती. एवढी माणसं एका दिवसासाठी गोळा करायची म्हणजे आदल्या दिवशीच सांगावं लागतं. फोन ठेवल्या ठेवल्या तो त्याच कामाला लागला असणार.

दादा मोटारीच्या खोलीपाशी उभा होता. शेजारच्या रानातले एक म्हातारे शेतकरीही येऊन थांबले होते.

मी वेलीची एक काडी धरून साहेबांना दाखवली. "हे देठाचे काप बघा. हिरवे आहेत. आज तोडलंय."

साहेबांनी वाकून बघितलं. "ताजे आहेत, मॅडम. पण आज तोडलं का गेल्या आठवड्यात, हे मी कशावरून लिहू? मला माल दिसला पाहिजे. इथं माल नाही." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं कळत होतं, आणि हात पंचनाम्याचा कागद काढत होता. त्यांची चूक नव्हती. माझी बाग तोडून झालीय, असं कागद म्हणत होता. मंगळवारी तो कागद खोटा होता. दादानं एका सकाळीत तो खरा करून टाकला.

या घडांची विरळणी करायला मी दिवाळीची सुट्टी संपल्यावरही दोन रजा टाकल्या होत्या. आता ते कुठल्यातरी बाजारात नाही तर बेदाण्याच्या शेडवर चालले होते, बिननावाचे.

साहेबांनी बोनेटवर कागद ठेवून लिहिलं, सहायकांची आणि त्या म्हाताऱ्यांची पंच म्हणून सही घेतली. मग विचारलं, "शेतमालक कोण? मालकाची सही लागेल."

मी काही बोलायच्या आत दादा पुढं आला.

"मालक ही, सायेब. माझी भैण. सातबारा तिच्या नावचा. वही तिच्या हातची. संमतीवर सही बी तिचीच. म्या नुस्ता राबणारा माणूस, मला कागदातलं काय कळतंय?" आणि माझ्याकडं वळून, अगदी मायेनं बोलावं तसं, म्हणाला, "कर की सही, बाई. बाग तुझी हाय."

साहेबांनी पेन पुढं केलं. मी ते घेतलं. सहीच्या वर बोटभर जागा होती, तिथं लिहिलं: माल आज सकाळी माझ्या संमतीशिवाय माझ्या सख्ख्या भावाने तोडला. मग सही केली. साहेब म्हणाले, असं लिहिता येतं का ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघा. दादानं वाचलं की नाही मला माहीत नाही, मी त्याच्याकडं बघितलं नाही.

'बाग तुझी' हे त्याच्या तोंडून ऐकायची मला अकरा वर्षं फार हौस होती. ते तो बोलला तेव्हा बागेत एक घड शिल्लक नव्हता.