घेऊन जाय गे मारबत

दीपमालाबाईंना पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात शिव्याच घातल्या होत्या. यवतमाळच्या एका खासगी मनोरुग्णालयात मी सिस्टर आहे. समाजसेवेची हुक्की आलेले लोक येतात, पेशंटांच्या हाती रंग देतात, फोटो काढतात आणि पसारा आमच्या गळ्यात घालून जातात. ही त्यातलीच, असं मला वाटलं. पण मूळची उमरखेडची, इथल्या शाळेतली ही चित्रकलेची बाई शाळा सुटली की दर गुरुवारी येत राहिली. फोटो काढायची नाही, फरशी स्वतः पुसायची. तोंडानं मात्र महाफटकळ. मी कुणाच्या चित्राला छान म्हटलं तर माझ्यावरच डाफरायची, "कायचं छान? त्यायले खोटं नोका सांगू." मनात असेल ते काढा, बोला, एवढाच तिचा नियम.

पेशंटांमध्ये पांढरकवड्याकडची हंसाबाई होती. केव्हाचीच बरी झालेली. घरी जायचं, एवढंच तिचं मागणं. पण भाऊ नागोराव आज येतो, उद्या येतो करत टोलवायचा. त्याच्या पोराची सोयरीक चालली होती आणि घरात 'येडी बहीण' दिसायला नको होती. डॉक्टर अनिमेषांनी खडसावलं तेव्हा कुठे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येतो म्हणाला.

त्याच दिवशी मारबत असते. ईडापिडा घेऊन जा म्हणत बाहुली गावाबाहेर नेऊन टाकायची. दीपमालाबाईंच्या बौद्ध घरात हे काही करत नाहीत. पण हंसाबाईनं हट्ट धरला, आणि पेशंटांनी कागद, चिंध्या, बांबूची मारबत केली. तिचे डोळे हंसाबाईनं रंगवले, असे की बघवेना.

सकाळी मारबत अंगणात फिरली. गावात जसं शेजाऱ्यापाजाऱ्याचं नाव घेऊन ओरडतात, तसं प्रत्येकानं आपलं ओरडायचं होतं. कुणी म्हणालं, "गोळ्या घेऊन जाय गे मारबत!" कुणी म्हणालं, "पाणचट वरण घेऊन जाय!" मीही हसत होते. तेवढ्यात फाटकातून नागोराव आत आला. हंसाबाईनं त्याला पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "नागोरावले घेऊन जाय गे मारबत!"

सगळे हसले. नागोराव हसला नाही. जन्मभर मारबत पाहिलेला माणूस, त्याला काय कळत नव्हतं? पण त्याला निमित्तच हवं होतं. तो डॉक्टरांकडे वळला. "पाह्यलं ना साहेब? माह्या जीवावर उठली हे. मी नाही नेत."

डॉक्टर पुण्याचे, तिकडे मारबत नसते. दीपमालाबाईंनी त्यांना रीत समजावली. हात जोडले. त्या बाईला मी कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"कळलं मला," डॉक्टर म्हणाले. "पण नातेवाइकांना भीती वाटत असेल तर तिला घरी पाठवायची जबाबदारी मी घेणार नाही. आणि असलं काही पुन्हा इथे नको."

नागोराव ढुंगणाला पाय लावून पळाला. त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली मला. डॉक्टरांच्याही. नोकरी आहे म्हणून फाटक तेवढं लावून घेतलं.

हंसाबाई रडली नाही. दीपमालाबाईंजवळ जाऊन म्हणाली, "तुनंच तं सांगतलं होतं, मनातलं बोला म्हणून."

पुढच्या गुरुवारी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आल्या. डॉक्टर दाराशी उभे राहून बघत होते. हंसाबाईनं कोरा कागद बाईंसमोर सरकवला.

"सांग. काय काढू म्हंजे घरी सोडतीन मले?"

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग पेटीतला गुलाबी खडू काढून तिच्या हातात दिला.

"फुलं काढ, हंसाबाई," त्या म्हणाल्या. "फुलंच काढत जाय आता."