निजवलेली लेकरे

नात दुपारी झोपत नाही, अशी तक्रार अमरावतीच्या पाळणाघरातून अधूनमधून येते. सून काळजीत पडते. मला मात्र ती ऐकून हायसे वाटते. का, ते मी घरात कधी सांगितलेले नाही.

पन्नासच्या दशकात आम्ही अकोल्याला, कापसाच्या जिनामागच्या वस्तीत राहत होतो. वडील हंगामभर अकोटच्या जिनात कामाला असत, आई अकोल्याच्या. सकाळच्या भोंग्याला ती निघे. निघण्यापूर्वी कोनाड्यातल्या डबीतून अफूची बारीक गोळी काढी, दुधात कालवी आणि माझ्या तान्ह्या बहिणीच्या जिभेवर लावी. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. आईला तिच्या आईने शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असेच निजवले होते, आणि त्या आजीलाही तिच्या आईने. हंगामाच्या दिवसांत किती पिढ्यांची लेकरे अशी झोपून मोठी झाली असतील, कोणास ठाऊक. जी मोठी झाली, ती.

बहिणीला सांभाळण्यासाठी माझी शाळा हंगामापुरती बंद होती. ती निजली की मी विटीदांडू खेळायला पळे. मैदानावरची पोरे मला दाई म्हणत.

"काहून रे दाई, लेकरू निजलं काय तुयं?"

"निजलं," असे म्हणून मी दांडू उचलत असे. माझा सगळा खेळ तिच्या त्या झोपेवर उभा होता. आई गोळी द्यायला विसरली, तर मी आठवण करून देत असे.

दुपारच्या भोंग्याला आई तिला पाजायला घरी येई. त्या आवाजाने बहीण रोज चुळबुळत जागी होई. एके दिवशी भोंगा झाला, मी धावत घरी आलो, आणि झोळी हलली नाही. मी हाक मारली, गाल हलवला. ओठ काळसर दिसत होते. एक श्वास आल्यानंतर दुसरा इतक्या उशिराने येत होता, की तो येईपर्यंत माझाही श्वास थांबत होता.

तेवढ्यात आई आली. तिने झोळीत पाहिले आणि माझा दंड धरला.

"तू देली काय रे इले गोळी?"

"नाही."

शेजारची मावशी पिठाच्या हातांनी दारात आली. "मी देली ना व. तू गेल्यावर रडून राहिली होती पोरगी. हा तं खेळाले पळाला होता."

"मी देऊनच गेली होती, बाई."

मावशी खाली बसली. आमच्या वस्तीत लेकरू आपले की परके, हे कोणी पाहत नसे. रडणे ज्या बाईच्या कानी पडे, तीच त्याला गोळी देई. आजवर तो शेजारधर्मच होता.

आई, मावशी आणि मी तिला टांग्यातून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी काही उपचार केले. मग नर्सबाईंनी बहिणीला आईच्या मांडीवर ठेवले.

"हिला आता झोपू द्यायचं नाही. रडवत राहा. रडणं थांबलं की लगेच मला हाक मारा."

आईने बहिणीचे पाऊल हातात घेतले आणि पुन्हा सोडून दिले. "मले नाही होत रे. तू रडव."

मी तळपायावर टिचकी मारली. बारीक आवाज निघाला आणि विरला. पुन्हा टिचकी, पुन्हा तेवढाच आवाज. जे रडणे थांबण्याची मी रोज वाट पाहिली होती, ते आता थांबले की मी लगेच पुढची टिचकी मारत होतो. दोनदा हाक मारावी लागली. नर्सबाई धावत आल्या, वाकून पाहिले, म्हणाल्या, "चालू ठेव." तळपाय लाल झाला होता. मी दुसरा पाय घेतला.

खिडकीबाहेरचे ऊन उतरले. दुरून जिनाचा संध्याकाळचा भोंगा ऐकू आला. बहिणीने अंग ताणले, डोळे उघडले, आणि मी हात लावण्यापूर्वीच ती टाहो फोडून रडली.

"रड, माय, रड," मावशी भिंतीला टेकून म्हणाली. "सारा दवाखाना उठव."

घरी आल्यावर आईने डबी नालीत रिकामी केली. शेजारच्या कोनाड्यांतल्या डब्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला आई नेहमीसारखी कामावर गेली, आणि मी टक्क जाग्या बहिणीला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहिलो.

"काहून रे दाई, आज निजलं नाही काय लेकरू?"

"नाही निजत ते आता," मी म्हणालो.

पोरे हसली आणि खेळू लागली. मलाही खेळायचे होते, अगदी त्या दिवशीसुद्धा. बहीण माझे केस ओढत रडत होती. मी तिला गप्प केले नाही.