झोपेच्या परीक्षेत नापास

बडोद्याजवळ नंदेसरीच्या कारखान्यात मी बॉयलर चालवायचो आणि बॉयलरसमोरच पेंगायचो. भरदुपारी, दाबाचा काटा डोळ्यांपुढे असताना. शेवटी साहेबांनी बजावलं, "डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर गोदामात बसा." गोदामात बसणं म्हणजे उमेदीची सगळी वर्षं पुसली जाणं.

बायको कधीपासून सांगत होती, "अहो, घोरता घोरता तुमचा श्वास थांबतो. मी कोपर मारते तेव्हा परत सुरू होतो." मी ते हसण्यावारी नेलं होतं.

सुभानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा बडोद्यात नवंच आलेलं, झोपेतला श्वास नोंदवणारं यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. हे लावून एक रात्र झोपायचं. माझ्या अंगात मात्र कारखान्याची सवय. सरकारी तपासणी असली की आम्ही बॉयलर लाडात ठेवायचो, काटा जरासुद्धा हलू द्यायचो नाही. तसाच मी पट्टा बांधून, भिंतीला टेकून रात्रभर जागा राहिलो.

डॉक्टरांनी संगणकावर रेघ पाहिली. "श्वास उत्तम आहे. पण झोपलात कधी?"

 बायको म्हणाली, "लग्नानंतर काल पहिल्यांदा मला सलग झोप लागली, तेव्हाच शंका आली. पास व्हायचं होतं ना यांना!"

डॉक्टर हसले. मला मान वर करवेना. माझ्या एका डुलकीनं किती जण भाजले असते, आणि मी यंत्राला फसवत बसलो होतो.

दुसऱ्यांदा मात्र मी खरोखर झोपलो. ती रेघ मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. लाटा उथळ होत जात, मग सपाट, मग एकदम उसळी. "थांबायच्या आधी श्वास अशी खूण देतो," डॉक्टर म्हणाले. सेफ्टी व्हॉल्व्ह उडायच्या आधी काटा थरथरतो, अगदी तसंच. मग रात्री झोपताना नाकावर मास्क आला. त्याचं यंत्र ती खूण ओळखून आधीच हवेचा जोर वाढवायचं.

दाखला मिळाला. बॉयलरवर परतलो त्या दिवशी पाळी संपेपर्यंत एक जांभईसुद्धा आली नाही. फिटर ओरडला, "केम काका, आजे ऊंघ क्यां गई?"

"झोप घरी ठेवून आलोय!" मी म्हणालो, आणि सगळे हसले.

खरंच घरी होती. तरसालीला घरी पोचलो तर दार उघडेना; मला कोपर मारण्यात गेलेल्या रात्रींची झोप भरून काढत बायको भरदिवसा गाढ झोपलेली. मी दार ठोठावत उभा राहिलो, अजिबात घाई न करता.