पाटणच्या डोंगरातलं दुकान आणि माळ्यावरचं गाठोडं

काकूला कायमचं आणायचं, हे आमच्या घरात वर्षभर नुसतं बोलणं चाललं होतं. मग एक दिवस ती दुकानाच्या पायरीवरून घसरली, गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी उभं राहायची कामं बंद सांगितली. मी रजा टाकली आणि शनिवारी सकाळी कोपरखैरण्याहून एकटीच गाडी काढली.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पाटणच्या पुढे डोंगरात आमचं गाव आणि गावातलं एकुलतं एक दुकान तिचं. आजोबांनी घातलेलं, काकांनी चालवलेलं आणि काकूने एकटीने ओढलेलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तुम्ही लोक लगेच रील काढायला जाल.

त्या बाजूला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. पनवेल, एक्स्प्रेसवे, पुण्याचा बायपास (इथे सगळं नशिबावर), खंबाटकी, सातारा आणि उंब्रजला उजवीकडे वळायचं. टोल-पेट्रोल मिळून एका बाजूचे अडीच हजार धरा. एसटीने जाणाऱ्यांनी कराडला उतरावं, पाटणच्या गाड्या तिथून मिळतात. साताऱ्याच्या अलीकडे मी मिसळ खाल्ली आणि पुढचा बराच वेळ तोंड उघडं ठेवून गाडी चालवली. पाटण सोडलं की रेंज येते-जाते, रस्त्याकडेला करवंदीच्या जाळ्या लागतात आणि माणसं गाडीत वाकून बघतात, कुणाची पोर म्हणून.

"वैशे, वाळलीस की गं," काकू दारातच म्हणाली. मी वाळलेली नाही, हे वाचकांना माझ्या फोटोंवरून माहीत आहेच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लहानपणी मे महिन्याची सुट्टी मी तिथे शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून काढली. रॉकेल, गूळ आणि तंबाखू यांचा एकत्र वास अजूनही कुठे आला तर मला झोप येते. बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते. ते मिरची आणि खोबरं गावाकडे जाणाऱ्या ट्रकमधून पाठवायचे आणि काकू पोतं उघडून आधी वास घ्यायची, मग म्हणायची, "भावोजींनी निवडून धाडलंय." चपलेच्या अंगठ्यापासून शाळेच्या पाटीपर्यंत तिथे सगळं मिळायचं.

आणि माळ्यावर एक गाठोडं असायचं. पांढरं कापड, गुलाल, बुक्का, कापूर, सुतळी, एक मडकं. गावात कुणी गेलं तर पाटण लांब, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रस्ताच बंद. म्हणून आजोबांनी ही रीत घातली. ज्या घरात मयत झाली तिथला माणूस अनवाणी येऊन दारात उभा राहायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. दुकानातल्यानेही विचारायचं नाही, किंमत बोलायची नाही, गाठोडं उतरवून हातात द्यायचं. आणि त्याच दिवशी, आंघोळीच्या आधी, दुसरं बांधून माळ्यावर ठेवायचं. एकदा तसा माणूस आला तेव्हा मी "काय देऊ?" म्हणणार होते, तर काकूने माझा हात असा दाबला की मला रडूच आलं.

रविवारी दुकान रिकामं करायला काढलं. सकाळपासून बायकांची रीघ. तराजू एकीने नेला, बरण्या तिघींनी भांडून नेल्या, लाकडी फळ्या शाळेला दिल्या. हसणं-खिदळणं चाललं होतं. मग काकूने मला माळ्यावर चढवलं आणि गाठोडं खाली घेतलं.

ओटा बघता बघता मोकळा झाला.

"माझ्या घरात पोटुशी सून हाय," एक जण म्हणाली. "नगं बया."

"आमचं म्हातारं आजारी. त्यानं बगितलं तर म्हनंल, माझीच वाट बगत्यात," दुसरी म्हणाली, आणि तीही गेली.

पुजाऱ्याने देवळाला नको म्हटलं. पंचायतीच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली असते पाटणला. मी म्हटलं, "काकू, सोड ना. आता लोकांकडे गाड्या आहेत, पाटणहून आणतील."

"आनि वढा भरल्यावर?" काकू म्हणाली. "मानूस दारात ठिवून कापड हुडकत फिरायचं? ह्याला जागा मिळाल्याबिगर मी काय तुज्या गाडीत बसायची न्हाय."

सोमवारी निघायचं होतं, मंगळवारी मला ऑफिस. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचा अभिमानही वाटला. रात्री जेवायला बसलो. पिठलं-भाकरी इतकी चांगली होती की रुसवा धरायला जड गेलं.

सकाळी सुनीता आली. ही गावातली पिठाची गिरणी चालवते, पस्तिशीची असेल. केसांवर पीठ तसंच.

"काकी, द्या ते हिकडं," ती म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या टायमाला भर पावसात तुमीच दिलंवतं. गिरणीत ठिवते. तितं चूल न्हाय, देव न्हाय, कुनी राहत न्हाय. आनि दळायला समदं गाव येतंय."

"सासू काय म्हनली?"

"बोलंना झालीया माज्याशी. बोलंल चार दिवसानं."

काकूने तिला समोर बसवून गाठोडं सोडायला लावलं आणि पुन्हा बांधायला लावलं. मडकं मधे, कापड भोवती, गाठ एका हाताने सुटेल अशी. तीन वेळा. मग दुकानाला कुलूप घातलं आणि गाडीत येऊन बसली. साताऱ्यात मी तिच्यासाठी कंदी पेढे घेतले. खंबाटकीपर्यंत तिने एकही खाल्ला नाही.

आता ती आमच्याकडे आहे. लिफ्टची भीती गेलीय, खालच्या भाजीवाल्याशी तिची रोज वादावादी होते, बरी रमलीय असं मी सगळ्यांना सांगत होते. तुम्हीही घरच्या कुणाला असं आणणार असाल तर एवढंच सांगते, माणूस गाडीत बसलं म्हणजे आलं असं नसतं.

कारण परवा दुपारी सुनीताचा फोन आला. काकूने स्पीकर लावून घेतला. खालच्या आळीतले एक आजोबा गेले होते.

"ल्योक आला, दारात हुबा राह्यला," सुनीता सांगत होती. "म्या गिरण बंद केली, काय इचारलं न्हाय. दिलं."

"दुसरं?"

"बांधलं की. आंघोळीच्या आदी."

"गाठ?"

"तुमी शिकीवली तीच. काकी, आता तुमी ह्याचा घोर करू नगा."

"ब्येस झालं. लई ब्येस झालं," काकू म्हणाली. फोन माझ्या हातात दिला आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच, पदर तोंडाला लावून, रडायला लागली.