सामान बेळगावहून यायचं हाय

आमच्या धाकट्या दिरांना दुरुस्त करता येणार नाही अशी वस्तू अजून कुठल्या कारखान्यातून बाहेर पडलेली नव्हती. आणि धडधाकट वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, हेही तितकंच खरं. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा माहेरचं एक टोल्यांचं घड्याळ बरोबर आणलं होतं. चौथ्या दिवशी ते मला ओटीवरच्या सुपात दिसलं. चाकं एकीकडे, काटे एकीकडे, आणि समोर भावजी मांडी घालून बसलेले. "घड्याळ बरं हाय वैनी, पर आतनं लई मळलंया," ते म्हणाले. घड्याळ पुन्हा सुरू झालं आणि वेळही बरोबर दाखवू लागलं, फक्त दर तासाला एक टोला जास्त देऊ लागलं. हे मी भावजींना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते परत सुपात गेलं असतं.

कुंभारवाड्यापासून नंदिगड्ड्यापर्यंत कुणाचं कुलूप अडलं, कंदील भडकला, भजनाच्या पेटीचा सूर बसला की माणूस आमच्या ओटीवर यायचा. लग्नाला गेले तर भावजी पंगतीत सापडत नसत. ते वाजंत्र्यांच्या घोळक्यात कुणाचा तरी ताशा उलटा करून बसलेले असत. सासूबाईंचा गुडघा उठताबसता वाजतो हे ऐकलं तेव्हा ते तेलाची बुधली घेऊन आले. सासूबाईंनी त्यांना लाटणं दाखवलं, तेव्हा कुठे बुधली परत कोनाड्यात गेली. पण 'जमत नाही' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकले नव्हते. एका मुलीच्या बापाने त्यांना विचारलं, "शेतीचं काम येतं ना?" त्यावर भावजींनी नांगराच्या फाळात काय काय चुकतं ते इतका वेळ सांगितलं, की तो गृहस्थ पुन्हा आमच्या गावात दिसला नाही. भावजी बिनलग्नाचेच राहिले.

त्या सुमारास खानापूरकडच्या एका शेटजींनी लोंढ्याहून सुप्यापर्यंत सर्व्हिस मोटार सुरू केली. सुरू केली म्हणायचं एवढंच. चढ आला की उतारू उतरून ढकलायचे आणि उतार आला की आत बसून देवाचं नाव घ्यायचे. दुसऱ्याच उन्हाळ्यात ती आमच्या शेताच्या वर, कुंभारवाड्याची वाट फुटते तिथे रस्त्याच्या कडेला बसली ती उठेना. शेटजी स्वतः आले, इंजिनाकडे बघून कपाळाला हात लावला, आणि भावजींना म्हणाले, "तुला ठेव जा. माझ्या डोळ्यांसमोर नको ही."

भावजींनी गावभर जाहीर केलं की दसऱ्याला ते मोटार चालवत बेळगावला जाणार आणि गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला एकदा बेळगाव दाखवणार. महिनाभर ते मोटारीखालीच राहिले. जेवायला बोलवायचं तर पायांना हाक मारावी लागे. वैशाखातल्या एका सकाळी मी ओढ्यावर धुणं धूत होते, तेव्हा वरच्या रस्त्याकडून असा धडधडाट आला की दगडावरचे बगळे उडाले. मोटार चालू झाली होती. मी स्वतः ऐकलं.

त्याच दुपारी गारा पडल्या. लाकूडतोडीच्या कंत्राटदाराचा हंगाम संपला होता, मजुरांच्या खोपी मोडल्या होत्या आणि तो निघून गेला होता. बाकीचे मजूर आपापल्या गावी गेले. गंगाक्का राहिली, कारण तिला जायला गाव नव्हतं. नवरा हिवतापात गेलेला. पाठीशी दोन लहान मुली आणि दोन्ही डोळ्यांनी अधू सासरा. चार दिवस ती चौघं फाट्यावरच्या झाडाखाली मडकी मांडून बसली होती. आमच्या घरात आधीच अकरा माणसं, ओटीवर भाताच्या मुड्या, आणि शेतात पावसाळाभर गुडघाभर पाणी. तरी मी म्हटलं होतं, आठ दिवस राहा. गंगाक्का म्हणाली, "आठ दिसांनी परत हितंच यायचं, मग कशाला मडकी हलवू, बाई?" गारा पडल्या तेव्हा ती मुलींना आणि म्हाताऱ्याला घेऊन मोटारीत शिरली.

दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तेव्हा भावजी मोटारीपाशी उभे होते. गंगाक्का खाली मान घालून म्हणाली, "अण्णा, उतरतो आमी. तुमची गाडी जायची आसंल."

भावजींनी मोटारीकडे पाहिलं, बाकावर निजलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बसा. गाडी सुटायला येळ हाय."

रानात नवी झोपडी घालायला जंगलखात्याची मनाई होती. पण बिघडलेली मोटार दुरुस्त होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिली तर तिला कोण काय म्हणणार? भावजींनी आडवी बाकं काढून उभी बसवली, त्यांचे तीन पलंग झाले. उघड्या बाजूंना बांबूचे तट्टे विणून लावले, आतून शेणाने लिंपले आणि बाहेरून गाडीचं काळं वंगण फासलं. त्यांचं म्हणणं एकच, "आतनं घर आसू दे, बाहेरनं मोटार दिसाय पायजे." गळका टप काढून नवा केला, त्याला पन्हाळ लावली, आणि ती पन्हाळ पाठीमागच्या दिव्याच्या जागी अशी बसवली की पाणी गळतंय ते मोटारीचंच वाटावं. पुढे, ड्रायव्हरच्या जागी, चूल. रबरी भोंगा राहू दिला. गंगाक्का भोंगा वाजवून मुलींना जेवायला बोलवायची आणि आमच्या शेतातली माणसंही सवयीने हात धुवायची.

जंगलखात्याचा गार्ड महिन्याकाठी यायचा. तो लांबून दिसला की भावजी हातातलं काम टाकून पाना घेऊन मोटारीखाली शिरायचे.

"काय, कधी हलणार गाडी?"

"सामान बेळगावहून यायचं हाय," मोटारीखालून उत्तर यायचं.

हे पावसाळ्यात झालं, दसऱ्याला झालं, दुसऱ्या पावसाळ्यातही झालं. आधी गाव हसलं, मग गावाने भावजींकडे कुलपं आणणं बंद केलं. पारावर माणसं म्हणायची, "बेळगाव काय विलायतेत हाय काय रे? सामान बोटीनं येतंय व्हय?" भजनाची पेटीसुद्धा दुरुस्तीला खानापूरला गेली. त्या दिवशी भावजी जेवले नाहीत.

मी गप्प बसणारी बाई नव्हे. मी सरळ विचारलं, "भावजी, मोटार चालू झालेली मी ऐकली आहे."

"भास झाला आसंल, वैनी."

आठ दिवसांनी भात काढायला कणगीत हात घातला तर तळाशी एक जड गाठोडं लागलं. माझ्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, तेल लावून, तान्ह्या मुलासारखी गुंडाळलेली लोखंडी वस्तू. भावजी दारात उभे होते. म्हणाले, "तो मॅग्नेटो. त्याच्याबिगर ठिणगी पडत न्हाई. ठेवा तितंच." मी म्हटलं, ठेवते, पण मला कुणी विचारलं तर मी तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही, हे आत्ताच सांगते. ते म्हणाले, "तुमास्नी कोण इचारतंय?"

तिसऱ्या वर्षी जंगलखात्याचे मोठे साहेब आपल्या मोटारीतून सुप्याला निघाले होते. आमच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. पारावरची सगळी माणसं धावली, मीही गेले. गंगाक्का मुलींना पोटाशी धरून चाकाजवळ उभी, म्हातारा आत बाकावर. भावजी मोटारीखालून बाहेर आले, अंगावर वाळलेली पानं.

"तीन वर्षं सामान येतं आहे?" साहेब म्हणाले. "हे बघ. एक तर तू खोटं बोलतोस आणि ही झोपडी आहे. तसं असेल तर आजच मोडायला लावतो. नाहीतर तुला हे काम येतच नाही. कुठलं खरं?"

सगळं गाव उभं होतं. घड्याळं, कंदील, ताशे, सगळ्यांचे मालक. माझ्या तोंडाशी आलं होतं, की या माणसाने ही मोटार महिनाभरात चालू केली होती. मी ओठ आवळून धरले.

भावजींनी पाना खाली ठेवला. "काम येत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "लई बघितलं. जमत न्हाई."

कुणी हसलं नाही. हसतील असं मला वाटलं होतं.

साहेबांनी आपल्या ड्रायव्हरला सांगितलं, तू बघ जरा. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा, शांत माणूस होता. त्याने इंजिनाचं झाकण उचललं आणि आतून गंगाक्काची तांबडी कोंबडी ओरडत साहेबांच्या टोपीवरून गेली. आत गवत होतं, तीन अंडी होती, आणि मॅग्नेटोच्या रिकाम्या जागी तारांची टोकं तेल लावून, स्वच्छ चिंधीत नीट बांधलेली होती. ड्रायव्हर ती गाठ बराच वेळ बघत राहिला. मग भावजींकडे, मग त्या मुलींकडे. अंड्यांना धक्का न लावता त्याने झाकण अलगद लावलं.

"साहेब, सामान यायला पाहिजे," तो म्हणाला. "हे इथे मिळायचं नाही."

साहेब टोपी झटकत गाडीत बसले. जाताना ड्रायव्हरने भावजींना हात केला, कारागीर कारागिराला करतो तसा. भावजी वाकून पाना शोधू लागले. पाना त्यांच्या पायाशीच होता.

गंगाक्काच्या थोरल्या मुलीची वरात त्या मोटारीतूनच निघाली, म्हणजे मोटारीच्या पायरीवरून ती उतरली आणि भोंगा वाजला. पुढे गंगाक्का जावयाकडे नंदिगड्ड्याला गेली. मोटार आठ दिवसही रिकामी राहिली नाही. तापातून उठलेले मजूर, घर जळालेली एक म्हातारी, नवऱ्याने टाकलेल्या दोघीजणी, जो येईल त्याला भावजी तेच सांगत, गाडी सुटायला वेळ आहे. लोक नंतर कुलपं परत आणू लागले. का ते कुणी बोललं नाही, आणि भावजींनी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी भावजी हिवतापाने गेले. मॅग्नेटो अजून माझ्या कणगीत आहे. खंडेनवमीला कोयते-विळ्यांबरोबर मी तो बाहेर काढते, तेल लावते, हळदकुंकू वाहते आणि परत ठेवते.

गेल्या महिन्यात नवा गार्ड आला. तरणा, कामाला चोख. मोटारीत सध्या एक बाळंतीण आहे. तो थेट मला म्हणाला, "बाई, ही गाडी कधी हलायची?"

मी भावजींचा पाना उचलला, पदर खोचला आणि मोटारीखाली वाकले.

"सामान बेळगावहून यायचं हाय," मी म्हटलं.

तो गेल्यावर बघितलं, तर मी समोरच्या बोल्टाला लावलेला पाना त्या मापाचा नव्हताच. भावजींना ते मुळीच खपलं नसतं.